केडेनलाइव्हमधले इफेक्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ, गावच्या बातम्यांचं चॅनल, पहिली शॉर्ट फिल्म, शेतीची माहिती देणाऱ्या चित्रफिती अशी कामं करणारे अनेक जण हल्ली केडेनलाइव्ह हे व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर वापरतात. ते पूर्णपणे मोफत आणि मुक्त स्रोत आहे. २००२ मध्ये जेसन वुड यांनी त्याची सुरुवात केली. आज मुक्त सॉफ्टवेअर बनवणारा केडीई समुदाय ते सांभाळतो आणि लिनक्स, विंडोज, मॅक या तिन्हींवर ते चालतं. कट-पेस्ट बहुतेकांना लवकर जमतं, अडतं ते इफेक्टपाशी. म्हणून हे पान फक्त इफेक्टबद्दल आहे. मेन्यूतली नावं पडद्यावर जशी दिसतात तशीच देवनागरीत दिली आहेत. आवृत्तीनुसार एखादं बटण इकडेतिकडे असू शकतं.

इफेक्ट लावला तर माझी मूळ फाइल खराब होते का?

नाही. केडेनलाइव्ह तुमच्या व्हिडिओ फाइलला हातच लावत नाही. प्रोजेक्टची फाइल ही साध्या मजकुराची, एक्सएमएल पद्धतीची फाइल असते. कोणती क्लिप, कुठून कुठपर्यंत, तिच्यावर कोणता इफेक्ट आणि त्याचे आकडे काय, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष हिशोब दाखवताना आणि रेंडर करताना, म्हणजे शेवटची व्हिडिओ फाइल तयार करताना, होतो. तेव्हा निर्धास्तपणे प्रयोग करा. मात्र मूळ फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली किंवा तिचं नाव बदललं, तर त्या सूचना कशावर लावायच्या हे प्रोजेक्टला कळत नाही. काम सुरू करण्याआधी सगळं साहित्य एका फोल्डरमध्ये आणून ठेवा आणि मग जागा बदलू नका.

इफेक्ट लावायचा कुठे? क्लिपवर, बिनमध्ये, ट्रॅकवर की मास्टरवर?

सगळ्यात जास्त वेळ वाचवणारा प्रश्न हाच आहे, आणि दुर्दैवाने तो सगळ्यात उशिरा विचारला जातो. नवीन माणूस इफेक्ट ओढतो आणि टाइमलाइनवरच्या, म्हणजे तुकडे क्रमाने जोडायच्या पट्टीवरच्या, क्लिपवर टाकतो. पुढच्या क्लिपवर पुन्हा तेच. चाळीस तुकड्यांची मुलाखत असेल तर चाळीस वेळा. नंतर चेहरा थोडा उजळ करायचा ठरलं, की पुन्हा चाळीस वेळा.

केडेनलाइव्हमध्ये इफेक्टला चार जागा आहेत. पहिली जागा प्रोजेक्ट बिनमधली, म्हणजे प्रोजेक्टमध्ये आणलेल्या फाइलींच्या यादीतली, क्लिप. तिथे लावलेला इफेक्ट त्या क्लिपच्या टाइमलाइनवरच्या प्रत्येक तुकड्याला लागतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स चुकला असेल, संपूर्ण शॉट निळसर आला असेल, तर तो दोष फाइलचा आहे. तो बिनमध्येच दुरुस्त करा, म्हणजे त्या फाइलचे कितीही तुकडे केले तरी सगळे नीट दिसतील. दुसरी जागा टाइमलाइनवरचा तुकडा. फक्त त्या क्षणापुरती जी गोष्ट आहे, म्हणजे हळूच जवळ जाणं, एखादी वस्तू झाकणं, फेड, ती इथे. तिसरी जागा ट्रॅक. टाइमलाइनच्या डावीकडे ट्रॅकच्या नावावर क्लिक करून इफेक्ट टाकला की त्या ट्रॅकवरच्या सगळ्या क्लिपना तो लागू होतो. जुन्या काळातले प्रसंग एका ट्रॅकवर ठेवून त्यांना एकत्र कृष्णधवल करायचं असेल, तर हीच जागा. चौथी जागा मास्टर. सगळे ट्रॅक एकमेकांवर बसून जे अंतिम चित्र तयार होतं, त्यावर लागणारा इफेक्ट.

हिशोबही याच क्रमाने होतो: आधी बिन, मग तुकडा, मग ट्रॅक, शेवटी मास्टर. मास्टरवर रंग बदललात तर टायटलचाही रंग बदलेल, कारण तोवर टायटल चित्रात मिसळलेलं असतं. चित्राचा रंग बदलायचा पण अक्षरं पांढरीशुभ्र हवीत, तर इफेक्ट व्हिडिओच्या ट्रॅकवर लावा आणि टायटलचा ट्रॅक वेगळा ठेवा.

इतर सॉफ्टवेअरमध्ये खालच्या सगळ्या क्लिपना एकदम इफेक्ट लावणारा ॲडजस्टमेंट लेयर असतो, तो इथे कुठे आहे, असं पुष्कळ जण विचारतात. ते काम ट्रॅकवरच्या किंवा मास्टरवरच्या इफेक्टला ठरावीक पट्ट्यापुरतं मर्यादित करून होतं. त्यासाठी इफेक्टमध्ये झोनची सोय आहे. २३.०४ या आवृत्तीपासून एका टाइमलाइनमध्ये दुसरी सिक्वेन्स, म्हणजे वेगळी टाइमलाइन, ठेवता येते. त्यामुळे एखादा पूर्ण प्रसंग वेगळ्या सिक्वेन्समध्ये बांधून त्यावर एकच इफेक्ट लावणंही शक्य आहे.

दोघांनी तेच इफेक्ट लावले, तरी चित्र वेगळं का दिसतं?

क्रमामुळे. ‘इफेक्ट/कॉम्पोझिशन स्टॅक’ या खिडकीत इफेक्ट एकाखाली एक दिसतात आणि हिशोब वरून खाली होतो. पहिल्या इफेक्टमधून जे चित्र निघतं, ते दुसऱ्याच्या हातात जातं. दुसऱ्याने मूळ चित्र पाहिलेलंच नसतं.

एक उदाहरण प्रत्यक्ष करून पाहा. क्लिपवर ‘व्हिनेट’ लावा, म्हणजे कडा काळवंडतील. मग ‘ट्रान्सफॉर्म’ने चित्र दुप्पट मोठं करा. काळ्या कडा चौकटीबाहेर गेल्या आणि व्हिनेट लावल्याचा काहीच उपयोग झाला नाही. आता क्रम उलटा करा. आधी चित्र मोठं झालं, मग कडा काळवंडल्या, आणि व्हिनेट जागच्या जागी दिसलं. आकडे तेच, इफेक्ट तेच.

दुसरं उदाहरण जास्त नुकसान करणारं आहे. हिरवा पडदा काढायच्या आधी कोणी रंग फिके करणारा इफेक्ट लावतो. मग क्रोमा कीला, म्हणजे पडद्याचा रंग ओळखून तो पारदर्शक करणाऱ्या इफेक्टला, ओळखायला हिरवा रंग उरतच नाही. पडद्यावर डाग राहतात आणि माणूस तासभर क्रोमा कीचे आकडे फिरवत बसतो. दोष वरच्या इफेक्टचा असतो.

मी सुचवतो तो क्रम असा: आधी दोष दुरुस्त करणारे इफेक्ट, म्हणजे व्हाइट बॅलन्स, चित्रातली खरखर कमी करणं. मग कापणं, झाकणं, पडदा काढणं. मग जागा आणि आकार ठरवणारा ट्रान्सफॉर्म. मग शैलीचे रंग, व्हिनेट, दाणेदारपणा. याला अपवाद पुष्कळ आहेत, पण अपवाद करताना तो का करतो आहोत हे माहीत असावं. क्रम बदलायला स्टॅकमध्ये इफेक्ट ओढून वर-खाली नेता येतो.

कोणत्या इफेक्टमुळे बिघडलं, हे शोधायचं कसं?

स्टॅकमध्ये प्रत्येक इफेक्टपुढे तो बंद-चालू करायचं चिन्ह असतं. खालून वर एकेक बंद करत जा. ज्या क्षणी चित्र सुधारेल, तो दोषी. इफेक्ट पुसून टाकू नका, बंद करा. आकडे टिकून राहतात. मूळ चित्र आणि इफेक्ट लावलेलं चित्र शेजारी-शेजारी पाहण्यासाठी ‘स्प्लिट कंपेअर’ आहे. रंगाचं काम करताना ते वरचेवर वापरा. डोळा फार लवकर सरावतो, आणि दहा मिनिटांत भडक रंगही साधा वाटायला लागतो.

यादीत शेकडो इफेक्ट आहेत. शिकायचे कोणते?

केडेनलाइव्ह स्वतः फार थोडे इफेक्ट बनवतं. ते एमएलटी नावाच्या इंजिनवर उभं आहे, आणि इफेक्ट एमएलटी, फ्रायझीरो-आर, एफएफएमपेग, सॉक्स अशा निरनिराळ्या मुक्त प्रकल्पांतून येतात. म्हणून एकाच कामाचे तीन-चार इफेक्ट दिसतात आणि त्यांच्या आकड्यांची पद्धतही वेगवेगळी असते. ट्रान्सफॉर्म, क्रॉप, लिफ्ट-गॅमा-गेन (गडद, मधल्या आणि उजळ भागांचे रंग वेगवेगळे बदलणारा), व्हाइट बॅलन्स, ब्लर, रोटोस्कोपिंग (हाताने आकार आखून चित्राचा भाग वेगळा करणारा), क्रोमा की, मोशन ट्रॅकर हे नीट आले तर बहुतेक काम होतं. ते आवडत्यांच्या यादीत टाका आणि बाकीच्यांकडे गरज पडेल तेव्हा पाहा.

कीफ्रेम म्हणजे नेमकं काय? माझी हालचाल झटके का देते?

कीफ्रेम म्हणजे ‘या क्षणी हा आकडा’ अशी खूण. दोन खुणांमधले आकडे सॉफ्टवेअर स्वतः भरतं. कसे भरायचे ते कीफ्रेमच्या प्रकारावर ठरतं. ‘लिनिअर’मध्ये वेग सारखा राहतो, त्यामुळे हालचाल एकदम सुरू होते आणि एकदम थांबते. ‘स्मूद’मध्ये ती वळणदार होते. ‘डिस्क्रीट’मध्ये आकडा मध्ये बदलतच नाही, पुढच्या खुणेवर एकदम उडी मारतो.

झटक्यांचं नेहमीचं कारण म्हणजे नको इतक्या खुणा. हालचाल मनासारखी दिसेना म्हणून माणूस मध्ये आणखी एक कीफ्रेम टाकतो, मग ती सावरायला आणखी एक. सगळ्या काढा. सुरुवात आणि शेवट अशा दोनच ठेवा, प्रकार बदलून पाहा, आणि मगच गरज असेल तिथे तिसरी. स्थिर फोटोवर हळू सरकणं करताना हालचाल क्लिप सुरू होण्याच्या क्षणी सुरू करून क्लिप संपेपर्यंत चालू ठेवा. मध्येच थांबलेला फोटो खटकतो.

दोन क्लिपमध्ये मिक्स लावायला गेलो की लागत नाही किंवा फार छोटा लागतो.

मिक्स म्हणजे एक क्लिप विरत असताना दुसरी उमटणं, आणि त्या काळात दोन्ही क्लिप एकाच वेळी दिसायला हव्यात. म्हणजे पहिल्या क्लिपच्या कटानंतर आणि दुसरीच्या कटाआधी जास्तीचं चित्रण शिल्लक असावं लागतं. फाइल जिथे संपते तिथेच तुम्ही कट ठेवला असेल, तर दाखवायला काही उरत नाही. दोन्ही टोकं थोडी आत घ्या. हा प्रश्न खरं तर शूटिंगच्या वेळीच सुटतो: ‘कट’ म्हटल्यावर लगेच रेकॉर्डिंग थांबवू नका, मनात पाच आकडे मोजा.

हिरवा पडदा नीट निघत नाही. केसांभोवती हिरवी कड राहते.

याचं अर्धं कारण सॉफ्टवेअरबाहेर असतं. फोन आणि साधे कॅमेरे रंगाची माहिती ४:२:० पद्धतीने साठवतात. १९२०×१०८० च्या चित्रात उजेड-अंधाराची माहिती पूर्ण असते, पण रंगाची माहिती फक्त ९६०×५४० एवढीच असते. केसांची बट एवढ्या जाड रंगजाळीत मावत नाही. त्यामुळे पडद्यावर एकसारखा उजेड, माणूस पडद्यापासून दोन-तीन मीटर पुढे आणि फोनऐवजी जमल्यास बरा कॅमेरा, यांनी जो फरक पडतो तो कोणत्याही इफेक्टने पडत नाही.

आता सॉफ्टवेअर. आधी रोटोस्कोपिंगने किंवा क्रॉपने माणसाभोवतीचा भाग सोडून बाकी सगळं कापून टाका. स्टँड, पडद्याच्या घड्या, भिंत यांच्याशी क्रोमा कीला झगडायला लावू नका. मग ‘क्रोमा की: ॲडव्हान्स्ड’ने रंग उचला. त्याच्या खाली ‘अल्फा ऑपरेशन्स’ लावा. यात पारदर्शकता राखाडी रंगात पाहायची सोय आहे, ती हमखास वापरा. माणूस पूर्ण पांढरा आणि पडदा पूर्ण काळा दिसला पाहिजे. साध्या चित्रात न दिसणारी भोकं इथे लगेच दिसतात. कड किंचित आत ओढा, किंचित मऊ करा. शेवटी ‘की स्पिल मॉप अप’ने त्वचेवर आणि केसांवर पडलेली हिरवी झाक काढा.

हिरवी पैठणी किंवा हिरवा चुडा घातलेल्या पाहुण्या येणार असतील तर निळा पडदा लावा. एवढी चौकशी आदल्या दिवशी फोनवर करता येते.

चेहरा झाकायचा आहे. ब्लर पुरेसा आहे का?

या उत्तराला मी मुद्दाम जास्त जागा देतो आहे, कारण इथे चूक झाली तर ती व्हिडिओची राहत नाही, एखाद्या माणसाच्या आयुष्याची होते.

आधी कायदा. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं कलम २३ आणि बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ लागू होतं. ओळख म्हणजे फक्त चेहरा नव्हे. घर, शाळा, नातेवाईक, गल्ली, ज्यावरून माणूस ओळखू येईल ते सगळं त्यात येतं. गावात तर चालण्यावरून आणि दारातल्या गाडीवरूनही माणूस ओळखतात.

हलका ब्लर किंवा मोठ्या ठोकळ्यांचं पिक्सेलेशन हे संरक्षण नाही. चेहऱ्याची ठेवण, केसांची रेषा, चष्मा त्यातूनही कळतो, आणि हलणाऱ्या चित्राच्या अनेक फ्रेम एकत्र करून झाकलेल्याची बरीच माहिती परत काढता येते. ज्याची सुरक्षितता पणाला लागली आहे, त्याच्यासाठी ठोस रंगाचा चौकोन वापरा. तो दिसायला वाईट दिसतो, दिसू द्या. ट्रॅफिकमधल्या गाडीच्या नंबरासाठी ब्लर ठीक आहे.

पद्धत अशी. क्लिपवर ‘मोशन ट्रॅकर’ लावा, पहिल्या फ्रेममध्ये चौकट चेहऱ्यापेक्षा बरीच मोठी ओढा आणि ‘ॲनलाइज’ दाबा. ते दाबल्याशिवाय ट्रॅकर काहीच करत नाही, आणि चौकट पुन्हा हलवली तर ॲनलाइजही पुन्हा करावं लागतं. ‘ब्लर टाइप’मध्ये ‘ओपेक फिल’ निवडा. ट्रॅकिंगच्या पद्धतींपैकी सीएसआरटी हळू पण नेमकी आहे, मॉस वेगवान पण चटकन सुटणारी. माणूस मागे वळला किंवा समोरून कोणी गेलं की ट्रॅकर हरवतो. अशा जागी क्लिप कापा आणि पुढचा तुकडा नव्याने ट्रॅक करा.

नंतर रेंडर झालेली फाइल एकेक फ्रेम पुढे नेत तपासा. एका फ्रेममध्ये चेहरा उघडा पडला तरी कोणीही तिथे थांबवून फोटो काढू शकतो. मग चेहऱ्यापलीकडे बघा: मागचा आरसा, काचेतलं प्रतिबिंब, गणवेशावरचं शाळेचं नाव, भिंतीवरचं लग्नाचं निमंत्रण. आवाज बदलायचा असेल तर नुसता पिच वर-खाली करणं पुरत नाही, कारण तो उलटा फिरवून मूळच्या जवळ नेता येतो. त्या व्यक्तीचं म्हणणं दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. आणि थंबनेल. चित्रात सगळं झाकून थंबनेल मूळ फुटेजमधून काढलेलं असतं, हे फार वेळा घडतं.

एका मित्राने लट दिला आहे. लावला की चित्र विचित्र काळपट होतं.

लट म्हणजे ‘हा रंग आला तर त्याचा तो रंग करा’ असा तयार तक्ता. ‘अप्लाय लट’ इफेक्टमध्ये क्यूब फाइल दिली की तो लागतो. बरेच लट महागड्या कॅमेऱ्यांच्या लॉग पद्धतीच्या, म्हणजे मुद्दाम फिकट ठेवलेल्या चित्रणासाठी बनवलेले असतात. ते फिकट चित्र नेहमीच्या पडद्याजोगं करणं हे त्यांचं काम. तुमच्या फोनने आधीच गडद-उजळ करून दिलेल्या चित्रावर तोच तक्ता लावला, तर गडदपणा दोनदा लागतो. लट कशासाठी बनवला आहे हे माहीत नसेल तर तो वापरू नका. लिफ्ट-गॅमा-गेनने हाताने केलेलं साधं काम जास्त चांगलं दिसतं.

रंग करताना मॉनिटरवर विसंबून न राहता ‘व्ह्यू’ मेन्यूतले वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख) आणि व्हेक्टरस्कोप (रंगछटांचा आलेख) उघडा. फोनच्या नेहमीच्या व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. त्या फार ताणल्या की संध्याकाळच्या आभाळात पट्टे दिसू लागतात. एक गोष्ट आग्रहाने सांगतो: माणसांची त्वचा गोरी करू नका. व्हेक्टरस्कोपवर सावळ्या आणि गोऱ्या त्वचेचा रंग जवळपास एकाच रेषेवर पडतो, फरक असतो तो उजेडाचा. उन्हात रापलेल्या शेतकऱ्याचा चेहरा तसाच रापलेला दिसला पाहिजे.

मराठी टायटल टाकलं की अक्षरं तुटतात किंवा भलतीच दिसतात.

सर्वांत आधी बघा, मजकूर युनिकोडमध्ये आहे का. छापखान्यात आणि डीटीपीत श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे जुने फॉन्ट अजून चालतात. तिथून उचललेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये अगम्य चिन्हांसारखा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’, तसेच ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हे मोफत आणि टायटलला चांगले आहेत. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर ‘तिरो देवनागरी मराठी’ पाहा.

अक्षर-अक्षर उमटणारा टाइपरायटरसारखा इफेक्ट देवनागरीवर जपून वापरा. जोडाक्षर आणि मात्रा मिळून आपलं एक अक्षर होतं. ते मध्येच तुटलं तर क्षणभर अर्धवट, कधी भलताच शब्द पडद्यावर दिसतो. शब्दागणिक किंवा ओळीगणिक उमटवणं सुरक्षित. अक्षरांना जाड बाह्यरेषा दिली की काही फॉन्टमध्ये शिरोरेषेच्या सांध्यांवर बारीक उभ्या रेघा दिसतात. तिथे बाह्यरेषेऐवजी सावली द्या किंवा मागे अर्धपारदर्शक पट्टी ठेवा. दोन ओळींतलं अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो.

हॉलमधल्या दिव्यांमुळे चित्र लुकलुकतं आहे. इफेक्टने जाईल का?

थोडं कमी होईल, पूर्ण जाणार नाही. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. पुढच्या कार्यक्रमाला फोन हाताने सेट करायचं ॲप वापरा आणि हे दोनच आकडे लक्षात ठेवा.

स्लो मोशन अडखळत का दिसतं?

३० फ्रेमने घेतलेलं चित्रण एक चतुर्थांश वेगाने चालवलं, तर सेकंदाला साडेसातच खरी चित्रं मिळतात. १२० फ्रेमने चित्रण केलं असेल तर तोच वेग ठेवूनही सेकंदाला ३० चित्रं मिळतात. केडेनलाइव्हमध्ये कंट्रोल दाबून क्लिपची कड ओढली की वेग बदलतो. एकाच शॉटमध्ये वेग कमी-जास्त करायला ‘टाइम रीमॅप’ आहे. उलट बाजूने, म्हणजे सावकाश घडणारी गोष्ट झरझर दाखवताना, फ्रेम कमी लागतात आणि धीर जास्त. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमासाठी भांडवल मिळवताना कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक फ्रेम टिपून दाखवली होती. आज फोन आणि स्टँड घेऊन सोयाबीन उगवताना कोणालाही टिपता येईल. त्यात उजेड रोज एकाच वेळचा असेल एवढं बघा.

इफेक्ट लावले की प्लेबॅक अडखळतो. नवा संगणक घेऊ का?

आधी तीन गोष्टी करून पाहा. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये प्रॉक्सी चालू करा, म्हणजे काम करताना हलक्या प्रती वापरल्या जातील. मॉनिटरचं प्रिव्ह्यू रिझोल्यूशन कमी करा. आणि जो पट्टा जड आहे तो ‘टाइमलाइन प्रिव्ह्यू रेंडरिंग’ने आधीच तयार करून घ्या. वरची लाल पट्टी हिरवी झाली की तो भाग सुरळीत चालतो. फोनचं चित्रण बऱ्याचदा बदलत्या फ्रेम-वेगाचं असतं. केडेनलाइव्हने ते संपादनाला सोप्या स्वरूपात बदलू का असं विचारलं तर हो म्हणा. एवढं करूनही भागलं नाही, तर आधी रॅम आणि एसएसडीचा विचार करा.

प्रॉक्सीवर काम करताना हिरवा पडदा आणि धूसरपणा यांचे शेवटचे आकडे मूळ चित्रावरच ठरवा. लहान चित्रावर योग्य वाटलेला ब्लर मोठ्या चित्रावर वेगळा दिसू शकतो.

तेच इफेक्ट दहा क्लिपना लावायचे आहेत.

क्लिप कॉपी करा, बाकीच्या निवडा आणि उजव्या क्लिकवर ‘पेस्ट इफेक्ट्स’ घ्या. नेहमी लागणारा संच असेल तर स्टॅक नाव देऊन जतन करा, तो यादीत तुमच्या इफेक्टमध्ये दिसू लागेल. नाव कामाचं द्या: ‘वर्गातली ट्यूबलाइट’, ‘दुपारचं ऊन’. ‘नवीन १’, ‘नवीन २’ या नावांवरून महिन्याभराने काही कळत नाही.

चमकणारे इफेक्ट वापरले तर चालतील ना?

जपून. काही लोकांना वेगाने लुकलुकणाऱ्या उजेडाने फिट येऊ शकते. वेबसाठीच्या सुगम्यता निकषांत सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमक नको असं म्हटलं आहे. ही मर्यादा पाळा. नुसती सूचना टाकून चमक तशीच ठेवणं पुरेसं नाही. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ सूचना वाचायच्या आत सुरू झालेला असतो.

रेंडर झालेली फाइल प्रिव्ह्यूपेक्षा वेगळी का दिसते?

चित्र धूसर असेल तर रेंडरच्या खिडकीत प्रॉक्सी वापरण्याची खूण चालू राहिली आहे का ते पाहा. मध्येच विचित्र ठिपके किंवा चुकलेल्या फ्रेम दिसत असतील तर ‘पॅरलल प्रोसेसिंग’ बंद करून पुन्हा रेंडर करा. काही इफेक्टना ते मानवत नाही. एखादा इफेक्ट गायबच असेल, आणि प्रोजेक्ट दुसऱ्या संगणकावर उघडला असेल, तर त्या संगणकावर तो इफेक्ट पुरवणारा भाग बसवलेला नसतो. लिनक्सवर अशा वेळी ॲपइमेज, म्हणजे केडेनलाइव्हची एकाच फाइलीतली आवृत्ती, वापरणं सोपं जातं, कारण लागणारं बहुतेक सगळं त्यात बरोबर येतं. प्रोजेक्ट दुसऱ्याला देताना ‘आर्काइव्ह प्रोजेक्ट’ने साहित्य गोळा करा, आणि लटच्या फाइल व फॉन्ट त्यात आले आहेत का हे स्वतः उघडून बघा. चेहरे झाकलेला प्रोजेक्ट मात्र कोणाला देऊ नका. त्याच्यासोबत न झाकलेलं मूळ चित्रणही जातं. अशा वेळी फक्त रेंडर केलेली फाइल द्या.